मारवा कापणाऱ्या व्यवस्थापकांस



आम्ही विदर्भातल्या वणीचे. गायक वसंतराव देशपांडे यांच्यावरचा 'मी वसंतराव' हा सिनेमा गावात पाहायची सोय होईना, म्हणून एप्रिल 2022 मध्ये भाड्याची गाडी करून तुमच्या टॉकीजला आलो. गाडीत वेस्टर्न कोलफील्ड्समधून निवृत्त झालेले आणि आता भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका होते, संगीत विशारदच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी होती आणि तिची आजी होती. कोळशाच्या ट्रकांमागून धूळ खात आलो, तिकिटाचे पूर्ण पैसे मोजले आणि तुम्ही आम्हाला अर्धवट सिनेमा दाखवलात. शहराचं आणि टॉकीजचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, तेवढं पुरे.

लाहोरचा भाग चालू होता. उस्ताद असद अली खाँ तरुण वसंताला मारवा देत होते. पेटीवाल्या काकांचा हात नकळत मांडीवर लय धरू लागला होता. या रागात पंचम नाही. षड्जही सहजासहजी लागत नाही. गवई कोमल रिषभावर आणि धैवतावर रेंगाळत राहतो, आपल्याला सा हवासा होतो आणि तो काही मिळत नाही. अखेर जेव्हा लागतो, तेव्हा जीव भांड्यात पडतो. तो लागायच्या आतच चित्र एकदम उडालं आणि पुढचा प्रसंग सुरू झाला. आम्हाला वाटलं, यंत्रात बिघाड झाला. मग दुसऱ्या गाण्याला तसंच झालं. नंतर आणखी एकदा. विशारदवाल्या मुलीने हा सिनेमा नागपुरात आधी पाहिलेला होता. तिने कुठे काय गेलं ते तिथल्या तिथे सांगितलं.

मध्यंतरात तुमच्याकडे आलो, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गाणीच तर आहेत, स्टोरी पूर्ण आहे ना?" पुढच्या खेळाला 'आरआरआर' होता आणि रांग फाटकाबाहेर गेली होती. तोही सिनेमा तीन तासांचाच. त्यातलं एक मिनिट उडवायची तुमची छाती झाली असती का? खुर्च्या मोडल्या असत्या लोकांनी. आम्ही खुर्च्या मोडणारे नव्हतो, हे तुम्ही आमच्याकडे एकदा बघूनच ओळखलंत आणि त्याचा फायदा घेतलात. पूर्वी रीळ कापायला निदान कात्री तरी लागायची. तुम्हाला बटणावर बोट पुरलं.

अहो, गवयाच्या सिनेमात गाणं हीच गोष्ट असते. मोझार्टवर 1984 साली 'आमादेउस' निघाला. मोझार्टचा एकही सूर बदलायचा नाही, या अटीवरच नेव्हिल मॅरिनर यांनी त्याचं संगीत हाती घेतलं. संगीत आधी ध्वनिमुद्रित झालं आणि चित्रण त्याच्या चालीने गेलं. त्या सिनेमाने आठ ऑस्कर मिळवले. तिकडे दिग्दर्शकाला जी सूट नव्हती, ती तुम्ही तुमच्या केबिनमध्ये बसून परस्पर घेतलीत.

आणि ज्यांचं गाणं कापलंत, ते वसंतराव देशपांडे आमच्या विदर्भातले. 1920 साली अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरला जन्म. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिक्षण. पुढे पुण्यात संरक्षण खात्याच्या हिशेब कचेरीत वर्षानुवर्षं कारकुनी. आकडे मांडायचे आणि उरलेल्या वेळात गायचं. त्यांचं गाणं कुठल्याच घराण्याच्या चौकटीत बसेना, म्हणून मोठे म्हणवणाऱ्यांनी त्यांना बाजूला ठेवलं. 1967 साली 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं. लिहिणारे नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेने वसंतरावांना घराघरांत पोहोचवलं. तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं. उभं आयुष्य ज्या माणसाला 'तुमचं गाणं जरा आवरा' हे वेगवेगळ्या तोंडांनी ऐकावं लागलं, त्याला मरणानंतर जवळपास एकोणचाळीस वर्षांनी पडद्यावरही तुम्ही तेच ऐकवलंत. याचा मला खरा संताप आहे.

त्यांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनी, या सिनेमात भूमिका केली, संगीत दिलं, गायनही केलं. त्याच गायनाला जुलै 2022 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. बातमी वाचून मुलीच्या आजीने विचारलं, "आपण ऐकलं ते की आपल्याला ऐकू दिलं नाही ते?" तिला उत्तर तुम्ही द्या.

खेड्यापाड्यांतून आलेल्यांना काय कळतं, असं तुमच्या मनात असेल, तर तेही काढून टाका. वणी हे लोकनायक बापूजी अणे यांचं जन्मगाव. इथल्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य राम शेवाळकर होते. त्यांच्या व्याख्यानाला चहाच्या टपरीवरची माणसंही येऊन बसत आणि शेवटचं वाक्य संपेपर्यंत हलत नसत. अशा गावात कान तयार होतात. भजनी मंडळातला म्हातारासुद्धा अंतरा गळला, तर गाणाऱ्याला थांबवतो.

आता मागणी सांगतो. गाडीभाडं मागत नाही. त्या खेळाला तिकीट काढलेल्या प्रत्येकाला तिकिटाचे पैसे परत करा. पुढे तीन तासांचा सिनेमा लावाल, तर दोन खेळांमध्ये तीन तासांची जागा ठेवा. जमत नसेल तर लावूच नका. आणि हा सिनेमा पुन्हा मिळवता आला, तर एका रविवारी सकाळी नऊचा खेळ लावा, पहिल्या चौकटीपासून श्रेयनामावलीच्या शेवटच्या ओळीपर्यंत. तिकिटं आगाऊ काढायला आमची माणसं शनिवारीच येतील. तेवढा वेळ केबिनला कुलूप लावा आणि तुम्हीही आमच्या रांगेत येऊन बसा.

वणीचा एक प्रेक्षक