सांगितले पाच, आले किती?

प्रयोगशाळेतल्या पॉवर सप्लायला दोन नॉब असतात, एक व्होल्टेजचा आणि एक करंटचा. हात लांब करायचा, नॉब फिरवायचा, पाच व्होल्ट हजर. दोन सेकंदांचं काम. इतकं सोपं काम इंजिनिअर मंडळींना बघवणं शक्यच नव्हतं.

उपकरणं संगणकाला जोडायची केबल ह्यूलेट-पॅकार्डने काढली आणि 1975 साली तिचं आयईईई 488 हे रीतसर प्रमाण झालं. एका केबलवर पंधरा उपकरणं बसायची, पण प्रत्येक कंपनीची बोली निराळी. शेवटी 1990 मध्ये सगळ्यांची मिळून एक भाषा ठरली. तिचं नाव एससीपीआय, लाडाने 'स्किपी'. आता खुर्चीतून न उठता पाच व्होल्ट मागता येतात. त्याआधी फक्त केबल, ड्रायव्हर, आयपी ॲड्रेस, पोर्ट क्रमांक 5025 आणि पायथनच्या काही ओळी जमवायच्या. तेवढ्यात सकाळ जाते, पण खुर्चीतून उठावं लागत नाही हे खरं.

सप्लाय स्वभावाने भलताच शिस्तीचा. 'स्टार आयडीएन प्रश्नचिन्ह' असं पाठवलं की कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर आणि फर्मवेअर मधे स्वल्पविराम देऊन सांगतो. मात्र आज्ञेच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह हवं. ते राहिलं, तर मॅडमचं बोलणं अजून चाललंय, मधे तोंड घालू नये, अशा समजुतीने तो गप्प बसतो. इकडे माझा प्रोग्राम दोन सेकंद वाट पाहतो आणि टाइमआऊट म्हणून कपाळावर आकडा मारतो: उणे 1073807339. दोन सेकंदांत एवढा तोटा मी शेअर बाजारातही ऐकलेला नाही.

आज्ञा चुकली तरी तो आरडाओरडा करत नाही. पॅनेलवर फार तर 'एरर' एवढी बारीक अक्षरं उमटतात. सविस्तर तक्रार तो आत रांगेत लावून ठेवतो आणि विचारलं तरच सांगतो, तीही जुनी आधी. त्यामुळे सकाळच्या पाळीत कोणीतरी केलेला 'उणे 113, अनडिफाइन्ड हेडर' संध्याकाळी माझ्या पदरात पडतो आणि मी माझ्या निष्पाप ओळी तपासत बसते. कोणीच विचारपूस केली नाही आणि रांग भरली, की तो 'उणे 350' नोंदवतो. म्हणजे तक्रारी फार झाल्या, ही शेवटची तक्रार.

पण खरी गंमत 'व्होल्ट' या आज्ञेत आहे. 'व्होल्ट 5' म्हटलं की पाच सेट होतात. मग नुसतं 'व्होल्ट?' विचारा, उत्तर येतं पाच. आपण खूश. सप्लायला जोडलेला बोर्ड मात्र मेल्यासारखा पडलेला. कारण आपण विचारलं ते ठरलं किती. आलं किती हे विचारायला 'मेझर व्होल्ट?' म्हणावं लागतं. पालिकेने सोडलेलं पाणी आणि आपल्या नळाला आलेलं पाणी यांत असतो तोच हा फरक. करंटची मर्यादा अर्धा अँपिअर ठेवलीत आणि बोर्डाला एक हवा असेल, तर सप्लाय मुकाट्याने व्होल्टेज खाली आणतो. पुन्हा 'व्होल्ट?' विचाराल, तर पाचच सांगेल. खोटं एका अक्षराचं नाही! आणि 'मेझर'चं उत्तरही त्याच्या स्वतःच्या टर्मिनलपुरतंच. दहा अँपिअर वाहत असतील आणि वायरींचा रोध मिळून 0.05 ओहम असेल, तर अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. तो भरून काढायचा तर सेन्सच्या दोन वेगळ्या वायरी थेट बोर्डापर्यंत न्यायच्या. त्यासाठी खुर्चीतून उठावं लागतं.

सप्लाय रिमोटवर गेला की पुढचे नॉब आणि बटणं मुकी होतात. एक आज्ञा अशीही आहे, की 'लोकल'चं बटणसुद्धा दाद देत नाही. एकदा रात्रभराची टेस्ट लावून मी चहाला गेले होते. परत येते तो लॅबमधले मामा पॅनेलपुढे उभे.

"मॅडम, हे बटण ऐकत नाही."

"मामा, ते आता फक्त कॉम्प्युटरचं ऐकतं."

"असं होय. मी मघाशी मागचा स्विच बंद करून चालू केला, तेव्हा बरं ऐकलं."

शून्य व्होल्ट, आउटपुट बंद. पण कारभार कोणाच्या हातात आहे, हे मामांना बरोबर कळलं होतं.

तेव्हा रात्रभर दर दहा मिनिटांनी व्होल्टेज बदलून नोंदी घ्यायच्या असतील, तर हे काम रिमोटलाच द्या. माणसाने त्यासाठी जागू नये. फक्त 'व्होल्ट?'वर विसंबू नका, 'मेझर' म्हणा, आणि मागच्या स्विचवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवा, मराठीत. आणि एकदाच पाच व्होल्ट हवे असतील, तर उठा आणि नॉब फिरवा.