कांदेनवमीचं शास्त्रीय समर्थन

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलेले असतानाही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला साधारण २० टक्के वाटा तो एकटा फस्त करतो. प्रत्येक घरात असा एक काका असतोच: दिवसभर झोपाळ्यावर बसून नुसता विचार करणार आणि पानात सगळ्यांत जास्त पोळ्या त्याच्याच.

हा खर्च भागवतात पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. त्या आपल्याला आईकडूनच मिळतात. तेव्हा ‘डोकं कोणाच्या वळणावर गेलंय’ हा विषय जेवणाच्या टेबलावर न काढलेला बरा. ऊर्जा तयार करताना काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात आणि त्यांतून जे आक्रमक रेणू उपजतात, ते आधी या तंतुकणिकांनाच डसतात.

इथं कांदा मदतीला येतो. त्यात क्वेर्सेटिन नावाचं फ्लॅवोनॉइड भरपूर असतं. २००९ साली अमेरिकेत उंदरांना ते सात दिवस दिलं, तर त्यांच्या स्नायूंत आणि मेंदूतही नव्या तंतुकणिका घडत असल्याच्या खुणा वाढल्या. उंदीर जास्त वेळ पळूही लागले. हे वाचल्यापासून आषाढ शुद्ध नवमीला मी भज्यांचा घाणा न मोजता खातो. पुढं चातुर्मासात कांदा बंद, म्हणून मेंदूची बेगमी.

बेगमी होत नाही, ही यातली अडचण. आतडं आणि यकृत मिळून क्वेर्सेटिनचं रूप पालटतात, रक्तात उतरतं ते थोडंसं, मेंदूपर्यंत पोचतं ते त्याहून थोडं, आणि दोन-तीन दिवसांत बहुतेक सगळं निघून जातं. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर ते थेट ओतता येतं, आपल्याला भज्यांमार्फत जावं लागतं. शिवाय बशीतसुद्धा अति झालं की तेच तंतुकणिकांना बाधतं. त्यात सर्वाधिक क्वेर्सेटिन असतं सालीत आणि सालीलगतच्या पापुद्र्यांत, जे आपण निगुतीनं सोलून कचऱ्यात टाकतो. कांदा उकळला तर बरंचसं पाण्यात उतरतं, म्हणून रस्सा वाटीत ठेवून उठू नये.

फ्लॅवोनॉइडांच्या या कुळाला मानही औटघटकेचाच मिळाला. १९३६ मध्ये शास्त्रज्ञ सेंट-ड्यर्दी यांनी त्याला ‘जीवनसत्त्व पी’ म्हटलं. पुढं लक्षात आलं, की त्याच्या अभावानं कोणताच ठरावीक रोग होत नाही, पद गेलं.

झाडं ही द्रव्यं बनवतात तीही मुळात स्वतःसाठी, उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचाव व्हावा म्हणून. त्यामुळे ती फक्त कांद्यात असतील असं थोडंच आहे? कोकणात गोकुळाष्टमीला, म्हणजे ऐन चातुर्मासात, शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात. त्या पाल्यातही क्वेर्सेटिन आहेच. माझं समर्थन तिथंच ढासळलं.

आमच्या आत्या चारही महिने कांद्याला शिवत नाहीत. पण कोणाच्या लग्नात कोणी किती आहेर केला, हे त्या सालासकट सांगतात. आणि आमच्या घरचा आकडा जरा मोठ्यानं.