फाटक, फड आणि फॅमिकॉम

जपानला निघालेल्या मराठी माणसाची यादी ठरलेली असते. फुजी, बुलेट ट्रेन, क्योतोतली देवळं आणि नशिबात असला तर चेरीचा बहर. माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर रेल्वेचं एक फाटक होतं.

कामाकुराजवळ समुद्राच्या कडेनं एनोदेन नावाची चिमुकली रेल्वे धावते. १९०२ साली सुरू झालेली. लांबी अवघी दहा किलोमीटर, पण स्टेशनं पंधरा. लोकांच्या परसातून, दोरीवरच्या कपड्यांना जवळजवळ चाटून जाते. एनोशिमा आणि कोशिगोए या दोन स्टेशनांच्या मध्ये तर सरळ रस्त्यावर उतरते आणि मोटारींच्या रांगेत चालू लागते. तिचं एक स्टेशन कामाकुरा-कोको-माए. त्याच्या शेजारी एक उतरता रस्ता, तळाशी फाटक, फाटकापलीकडे समुद्र. ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलच्या ॲनिमे मालिकेच्या शीर्षकगीतात हे फाटक काही सेकंद दिसतं. तेवढ्या सेकंदांच्या पुण्याईवर तिथं तैवान, कोरिया, चीन आणि कोथरूड इथून माणसं येतात. कोथरूडहून मी.

माझ्याबरोबर अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी कोल्हापुरात तालमीतली माती अंगाला लावलेली, दोन्ही कान मोडलेले आणि जावयाच्या आवडीनिवडींबद्दल लग्नापासून मौन पाळलेले. धाकटी मेहुणी तोक्योत निशि-कासाईला राहते. तिथं आता इतके भारतीय आहेत की सासूबाईंना पहिल्याच दिवशी कढीपत्ता मिळाला. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो, आणि २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस तिथल्या सभागृहावर निवडून आला होता, हे साडूंनी आम्हाला विमानतळावरच ऐकवलं. बहिणी-बहिणी आणि सासूबाई गप्पांना बसल्यावर अण्णांना ‘कुठंतरी फिरवून आणा’ अशी कामगिरी माझ्याकडे आली. मी त्यांना फाटकावर नेलं.

“ह्ये बघायला आलोय आपण?”

“हो अण्णा.”

“फाटक?”

“हो.”

“आमच्या रुकडीला बी हाय की. तितं च्या बी मिळतोय.”

मग मी गोष्ट सांगितली. साकुरागी नावाचा लाल केसांचा एक दांडगट पोरगा. एका मुलीवर छाप पाडायची म्हणून शाळेच्या बास्केटबॉल संघात घुसतो. खेळातलं ओ की ठो कळत नाही. ताकेहिको इनोउए या चित्रकारानं ही मूळ चित्रकथा ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात १९९० ते १९९६ अशी सहा वर्षं चालवली, आणि गोष्टीत सरतात जेमतेम चार महिने. आपल्या मालिकांमध्ये एका मंगळसूत्राला तीन आठवडे लागतात, तेव्हा हे अण्णांना नवल वाटलं नाही.

“मग? शेवटाला जिंकला का त्यो?”

“देशातल्या सगळ्यात बलाढ्य संघाला हरवतात. पण पुढच्याच सामन्यात हरतात. तो सामना काढलेलाच नाही, नुसतं सांगून टाकलंय.”

अण्णा समुद्राकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, आता परतीची गाडी विचारतील.

“ह्यो माणूस खरा. मोठ्या गड्याला पाडल्यावर दुसऱ्या दिवशी अंगात काय ऱ्हातंय? त्यानं कुस्ती बघितलेली दिसतीया.”

‘स्लॅम डंक’च्या शेवटावर मी इंग्रजीत पुष्कळ जडजड समीक्षा वाचली आहे. एवढ्या थोडक्यात कुणी आटोपलेलं नाही.

एवढ्यात घंटा वाजली. फाटक पडायला लागलं आणि गर्दी फोन उंचावून रस्त्यावर पसरली. तिथं कायम एक गार्ड असतो. त्याच्या हातात पाटी, तोंडात शिट्टी, चेहऱ्यावर अपार सौजन्य. तो वाकून वाकून लोकांना बाजूला व्हायची विनंती करत होता आणि लोक वाकून वाकून तिथंच उभे होते. रस्ता ओलांडणारी एक शाळकरी मुलगी या सगळ्यातून दप्तर सांभाळत वाट काढत होती. शेजारीच खरीखुरी शाळा आहे आणि त्या पोरांना रोज या वेड्या पाहुण्यांतून घरी जावं लागतं. अण्णांना ते सहन झालं नाही. जोतिबाच्या चैत्रयात्रेत स्वयंसेवक म्हणून कमावलेली उमेद एकदम जागी झाली. “ए, सरका मागं! मागं सरका! पोरीला जाऊ दे!” मराठीचा एक शब्द न कळणारी ती दोनेकशे माणसं झटक्यात फुटपाथवर गेली. हिरवी-पिवळी गाडी समुद्रासमोरून डौलात निघून गेली. गार्डनं अण्णांना कमरेत वाकून नमस्कार केला. अण्णांनीही केला. तो पुन्हा वाकला. हे बराच वेळ चाललं आणि माझा फोटो राहिला.

अकिहाबाराला मात्र मी त्यांना नेणार नव्हतो. जुने व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानांचे मजलेच्या मजले, अरुंद जिने, प्रत्येक पायरीवर कुठल्यातरी खेळाचं किरकिरं संगीत. पण घरी कांदेपोह्यांवर वहिनी, नणंद, कुणाचं कुठं जमलं हा विषय निघाला आणि अण्णा स्वतःच चपला घालून तयार झाले.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत जो ‘टीव्ही गेम’ होता, तो बहुतेक निन्तेन्दोच्या फॅमिकॉमची नक्कल होता. फॅमिकॉम जपानात आला १९८३ च्या जुलैमध्ये. आपल्यापर्यंत पोचेपर्यंत त्याला शंभर नावं पडली होती आणि कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं लिहिलेलं असायचं. उघडल्यावर मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा खेळ आणि पुन्हा मारिओ, असा तो एक कोटीचा हिशेब असे. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची. हे शास्त्र कुणी शिकवलं ते ठाऊक नाही, पण गडचिरोलीपासून ओसाकापर्यंत प्रत्येक मुलाला येत होतं.

काचेच्या कपाटात लाल-पांढरा, अस्सल फॅमिकॉम ठेवला होता. मी हात जोडायच्या बेतात होतो.

“ह्ये तर आपल्या घरात हुतं,” अण्णा म्हणाले.

“तुमच्या घरात?”

“पोरींनी हट्ट केलता. थोरलीची धावी आली तवा मी ट्रंकेत घातलं, कुलूप लावलं. मग भंगारात दिलं.” त्यांनी किमतीची चिठ्ठी मला वाचायला लावली. मी येनचे रुपये करून सांगितले. ते चष्मा काढून पुसत राहिले. “नक्कल असंल ओ जावईबापू आमचं,” ते शेवटी म्हणाले. हे माझं सांत्वन होतं की स्वतःचं, मला कळलं नाही. त्या रात्री मी बायकोला विचारलं. तिला ट्रंकेची दुसरी किल्ली कुठं असायची ते अजून आठवत होतं.

याच गल्लीतल्या एका आर्केडमध्ये मी ‘स्ट्रीट फायटर २’ खेळलो. १९९१ चा हा खेळ आमच्या पिढीचा भूगोलाचा मास्तर. सुमो पैलवान असतो हे मला ई. होंडानं शिकवलं, आणि जगाला भारत म्हणजे काय हे धालसिमनं शिकवलं. धालसिम हा हातपाय रबरासारखे लांबवणारा, तोंडातून आग काढणारा योगी. त्याच्या पाठीमागं हत्ती उभे असतात. शेजारच्या यंत्रावरच्या पोरानं मला देश विचारला. “इंदो,” मी म्हणालो. तो आनंदानं ओरडला, “दारुशिमु!” आणि माझ्या हातांकडं आशेनं बघायला लागला.

ई. होंडा खरा बघायला आम्ही र्‍योगोकुच्या कोकुगिकानमध्ये गेलो. मे महिन्याची स्पर्धा चालू होती. सुमोच्या मोठ्या स्पर्धा वर्षात सहा, त्यांतल्या जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या तोक्योत. प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवस चालते. कोकुगिकानची ही इमारत १९८५ ची, आत अकराएक हजार माणूस मावतं. साडूंनी चौघांचा चौक काढला होता. चौक म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी आखलेली जेमतेम सव्वा मीटरची चौकट आणि चार उशा. त्यात मी, अण्णा, साडू आणि त्यांची लेक. साडू सॉफ्टवेअरमध्ये, त्यांना मांडी घालून अर्धा तास झाला की गुडघ्यांचे आवाज येतात. अण्णा जेवायला बसल्यासारखे बसले ते संध्याकाळी सहापर्यंत हलले नाहीत.

आखाडा मातीचा, उंच चौथऱ्यावर. त्यात ४.५५ मीटर व्यासाचं रिंगण. वर देवळाचं छप्पर, पण अधांतरी, तारांना टांगलेलं. पूर्वी त्याला चार खांब होते. प्रेक्षकांना नीट दिसावं म्हणून १९५२ मध्ये ते काढले आणि त्यांच्या जागी चार रंगांचे गोंडे लावले. खासबागेत शाहू महाराजांनी जमीन बशीसारखी खोलगट करून घेतली, कुठूनही कुस्ती दिसावी म्हणून. हा मुद्दा अण्णांनी पाच वेळा मांडला आणि पाचही वेळा तो बरोबर होता.

पैलवान आले. मुठीभर मीठ उधळलं.

“दृष्ट काढतोय व्हय?”

“आखाडा शुद्ध करतात, अण्णा.”

“त्येच की.”

मग दोघे वाकले, एकमेकांवर डोळे रोखले, आणि उठून परत मिठाकडं गेले. पुन्हा वाकले. पुन्हा उठले. वरच्या गटात या नजरानजरीला चार मिनिटं मिळतात. दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलो मीठ उधळलं जातं. भाची म्हणाली, “आजोबा, मी झोपू?” आणि तेवढ्यात धाड असा आवाज झाला. दीडशे-दीडशे किलोचे दोन डोंगर एकमेकांवर आदळले, आणि आम्ही तिच्याकडून मान वळवेपर्यंत त्यातला एक खालच्या रांगेत जाऊन बसला होता.

“झाली?”

“झाली.”

“चितपट कुटं केली?”

इथं पाठ टेकवायची गरज नसते. तळपाय सोडून अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला किंवा रिंगणाबाहेर पाऊल पडलं, की संपलं. वजनाचे गटही नाहीत. शंभर किलोवाल्यानं दोनशेवाल्याशी भिडायचं. अण्णांना हे आधी अधर्म वाटलं. दहाव्या कुस्तीनंतर ते स्वतः बसल्या जागी खांदे हलवत होते. “पट्ट्याला हात घाल! आतनं घाल! लंगोट सोडू नकोस लेका!” पुढच्या चौकातले आजोबा मागं वळले. आता बोलणी बसणार असं वाटलं, पण त्यांनी तळघरात भाजलेल्या कोंबडीच्या काड्यांचा डबा पुढं केला. त्यांनी सांगितलं आणि साडूंनी उलगडलं: पैलवानांच्या जेवणात कोंबडी शुभ मानतात, कारण ती दोन पायांवर उभी असते. चार पायांचं जनावर म्हणजे हात जमिनीला टेकलेला पैलवान. अण्णांनी हातातली काडी आदरानं निरखली.

सगळ्यात आवडला त्यांना पंच. रेशमी झगा, हातात पंखा, आणि सर्वांत वरच्या दर्जाच्या पंचाच्या कमरेला चक्क कट्यार. निकाल चुकला तर पोट फाडून घ्यायची तयारी, असा तिचा अर्थ.

“आपल्याकडं ही पद्धत आणली तर?” साडूंनी विचारलं.

“पंच मिळायचा न्हाई,” अण्णा म्हणाले.

मोठ्या कुस्तीआधी कंपन्यांचे झेंडे रिंगणाभोवती फिरवतात, जितके झेंडे तितकी पाकिटं, आणि ती जिंकणाऱ्याला जागच्या जागी मिळतात. हे अण्णांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ध्वनिक्षेपकावर गावोगावच्या दादांची बक्षिसं पुकारली जातात, तिथं वाढलेला माणूस तो. शेवटच्या लढतीत योकोझुना, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा पैलवान, पडला आणि उशा उडू लागल्या. ‘उशा फेकू नयेत’ अशी सूचना दरवेळी होते, आणि दरवेळी उशा उडतात. अण्णांनी आपली उशी घट्ट धरून ठेवली. “दुसऱ्याची वस्तू हाय,” म्हणाले.

बाहेर, स्टेशनकडे जाताना, खालच्या गटातला एक कोवळा पैलवान किमोनोत चालला होता. केसांना तेलाचा गोड वास, कान पार मोडलेला. अण्णांनी त्याला गाठलं, स्वतःचा कान पकडून पुढं केला. पोरानं आपला दाखवला. दोघे खदखदून हसले. माझ्या बरोबरच्या सगळ्या ॲप्सना जे भाषांतर जमलं नव्हतं ते तिथं उरकलं.

मग राहिलं कावासाकीतलं, डोरेमॉनच्या चित्रकाराचं फुजिको एफ. फुजिओ संग्रहालय. त्याचं तिकीट आगाऊ, दिवस-वेळ ठरवून काढावं लागतं. डोरेमॉनचा जन्म गोष्टीत ३ सप्टेंबर २११२ चा, म्हणून संग्रहालय उघडलं ३ सप्टेंबर २०११ ला. भाचीसाठी जायचं ठरलं होतं. पण आत शिरल्यावर कळलं की खरा जाणकार दुसराच आहे. नातवंडांबरोबर हिंदीतला डोरेमॉन बघून बघून अण्णांना प्रत्येक यंत्र पाठ होतं. खाल्लं की अभ्यास लक्षात राहतो असा पाव तिथल्या कॅफेत मिळतो. “धावीला पायजे हुता,” ते म्हणाले आणि दोन मागवले. चित्रकाराच्या टेबलावर छताकडं चढत गेलेली पुस्तकांची भिंत बघून टोपी काढली.

“ह्या जियानचं कायतरी करायला पायजे,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले. जियान म्हणजे डोरेमॉनच्या गोष्टीत बिचाऱ्या नोबिताला सतत बडवणारा दांडगट पोरगा. “पोरगं वाया चाललंय. अंग हाय, रग हाय, मार खायची बी तयारी हाय. वस्ताद न्हाई. आमच्या तालमीत सहा महिनं घातला असता तर नोबिताला कशाला मारत बसला असता?”

अंगणात एक झरा आहे. गोष्टीत जियान या झऱ्यात पडतो आणि देवी त्याच्याऐवजी एक देखणा, गुळगुळीत, सभ्य जियान बाहेर काढून देते. शेजारचा पंप हापसला की तो पाण्यातून वर येतो. अण्णांनी बाह्या सरसावल्या आणि हापसलं. तो आला. टपोरे डोळे, लांब पापण्या, चेहऱ्यावर साय.

अण्णांनी त्याला खालीवर बघितलं.

“ह्यो न्हवं,” म्हणाले आणि पुन्हा हापसायला लागले. मागं पोरांची रांग वाढत होती. तो तसाच, तितकाच देखणा, पुन्हा वर आला. अण्णांनी पंपाचा दांडा दोन्ही हातांनी धरला.