आधी हत्ती चढवून पाहा
(एकपात्री. रंगमंचावर प्लास्टिकची खुर्ची, तिच्या पाठीवर रेल्वेच्या टीसीचा काळा कोट. शेजारी स्कूटरचं हेल्मेट. नट येतो, कोट झटकतो, पण घालत नाही.)

मंडळी, हा कोट ज्याचा, तो गृहस्थ मूळचा वसईचा. नोकरी रेल्वेत, मुक्काम ग्वाल्हेर. वसईचा कॅथलिक ग्वाल्हेरात आला की त्याला दोनदा ओळख द्यावी लागते. चर्चमध्ये सांगायचं, मी मराठी. लष्करच्या गल्लीत सांगायचं, मी कॅथलिक. शेजारच्या काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, (पदर सावरत) “अय्या, ख्रिश्चन असून मराठी किती साफ बोलता!” काकूंचं स्वतःचं मराठी १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर इथं उतरलेलं. त्या छावणीचंच ‘लष्कर’ झालं, आणि काकूंच्या मराठीत हिंदी अशी मुरली की लोणच्याला हेवा वाटावा.

तर या टीसीला एकच मुलगी. सोळा वर्षांची, चर्चच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत. दृढीकरणाचा, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा, विधी तोंडावर आलेला, बिशप येणार, पांढरा ड्रेस शिवून तयार. आणि एका रात्री वरणभात कालवता कालवता ती म्हणाली,

“पप्पा, माझा विश्वास शून्यावर आलाय.”

(मोठा विराम. नट हातातला काल्पनिक घास पुन्हा ताटात ठेवतो.)

तीस वर्षं या माणसानं विनातिकीट प्रवासी पकडले होते. इथं पोरीकडे तिकीट होतं. बाप्तिस्म्याचं, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं, सगळं पंच केलेलं. ती फक्त विचारत होती, गाडी नक्की कुठं जाते? याला टीसीकडे उत्तर नसतं.

त्यानं वसईला फोन लावला. आजी म्हणाली, (फोन कानापासून लांब धरत) “नऊ दिवस रुजारीची जपमाळ म्हणा!” काकूंना भिंतीतून सगळं ऐकू गेलं होतं. त्या दारात आल्या. “आमच्याकडे असं काही झालं की सत्यनारायण घालतात. आणि घाबरू नका हो. खुद्द महादजी शिंद्यांचे गुरू कोण? बीडचे सूफी, मन्सूरशाह! या गावात देवाचा हिशेब कधी एका वहीत बसलेला नाही.”

बापाला ते पटलं. पटलं म्हणजे, दुसऱ्या दिवशी त्यानं पोरीला स्कूटरवर घातलं आणि हजिऱ्याला तानसेनच्या समाधीवर नेलं. तिथं चिंचेचं झाड आहे. त्याची पानं चघळली की गळा गोड होतो, अशी गवयांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. बापानं एक पान दिलं. पोरीनं चावलं. (तोंड आंबट) “पप्पा, आंबट आहे.”

“श्रद्धेनं खा.”

“मग निम्म्या वृंदाला पानं द्या, निम्म्याला देऊ नका, आणि कोण गोड गातं ते बघा. तेही डोळे बांधून.”

विज्ञान शाखेला घालायला नको होती, असं त्याला तेव्हा वाटलं.

पुढचा रविवार किल्ला. चतुर्भुज मंदिराच्या भिंतीवर सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या बागेसाठी १८७ हात बाय २७० हात जमीन, आणि रोज ५० हार. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य बघायला जगभरचे गणिती येतात. इतकं सोन्यासारखं उदाहरण हाताशी! बापानं घसा साफ केला. “बघ बाय, शून्य. देवळात. म्हणजे शून्यालाही देवाघरी…”

“पप्पा, उपदेश?”

“छे छे. माहिती.”

(नट हेल्मेट घालतो, काच खाली ओढतो.)

काच खाली करून तो किल्ला उतरला. पण पोरगी मागच्या सीटवरून आपणहून बोलली. “शून्य पुसलं तर देवाला रोज पाचच हार मिळतील, नाही?” बापानं उत्तर दिलं नाही. अख्ख्या प्रकरणात त्याच्या हातून घडलेली ही पहिली शहाणपणाची गोष्ट.

मग त्यानं टीसीला शोभेल ते केलं. नियमपुस्तक काढलं. चर्चची १९८३ ची कायद्याची संहिता, कलम ७४८: माणसाच्या सद्सद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा त्याच्यावर कुणीही कधीही लादू शकत नाही. कलम नंबर सापडल्यावर रेल्वेच्या माणसाला जो आराम पडतो, तो नऊ दिवसांच्या रुजारीनं पडत नाही. वाचता वाचता मदर तेरेसांची पत्रंही हाती आली. २००७ साली छापली गेली तेव्हा जग चकित झालं. पन्नासेक वर्षं ही बाई आतून कोरडी, देव जाणवत नाही म्हणून तळमळत होती. आणि २०१६ मध्ये तिलाच रोमनं संत केलं! बापानं पुस्तक पोरीच्या टेबलावर ठेवलं आणि पाय न वाजवता बाहेर आला.

उत्तर आलं जयविलास महालातून. पोरगी तिथल्या सहलीहून परतली ती डोळे चमकवत. “पप्पा, हा महाल १८७४ चा. बांधणारा मायकेल फिलोज, नेपल्सहून आलेल्या घराण्यातला, आपल्यासारखा कॅथलिक. साडेतीन टनांचं एकेक झुंबर टांगायचं होतं. म्हणतात की त्यानं आधी छतावर आठ हत्ती चढवले! नुसता विश्वास नाही ठेवला. मी पण हत्तीच चढवतेय. बिशपांना सांगा, दृढीकरण या वर्षी नको.”

फादरांना सांगायचं काम बापाकडे आलं. फादर ऐकून म्हणाले, “थांबू द्या. पण नाताळला गाणार ना? दुसरा आवाज तिच्याशिवाय पडतो.”

(दिवे मंद. घंटा.)

पंचवीस डिसेंबर. ग्वाल्हेरात ही तारीख दोघांची. १९२४ साली अटलबिहारी इथंच जन्मले. मध्यरात्रीची मिस्सा, कडाक्याची थंडी, मफलरात गुंडाळलेलं अख्खं चर्च. क्रेदो, म्हणजे श्रद्धेची कबुली, सुरू झाला. बापाची नजर वृंदावर. तिचे ओठ मिटलेले. ती म्हणत नव्हती. खोटं म्हणत नव्हती. बघता बघता हा स्वतःच ओळ विसरला. नाताळच्या क्रेदोत ‘देव माणूस झाला’ या ओळीला सगळे गुडघे टेकतात. सगळे टेकले. मध्ये हा एकटा उभा, सिग्नलच्या खांबासारखा!

वृंदातून दोन डोळे वटारले गेले. (नट ओठ हलवतो, आवाज नाही, हात खाली खाली.) “पप्पा! गुडघे!”

सकाळी वसईहून फोन. “पोर मिस्सेला गेली?”

“गेली. गायली.”

“आणि तू?”

“मी… क्रेदोत जरा चुकलो, आई. तिनं सांभाळून घेतलं.”

(दीर्घ शांतता. नट फोन कानाला धरून उभा.)

“ड्रेस शिवलेला आहे ना? मग बिशपला सांग, या वर्षी बापाचं करा.”

(अंधार.)