नागझिऱ्याचं वऱ्हाड

साकोलीच्या सासुरवाडीत वाघ पाहायचा बेत निघाला की आधी स्थळ बघतात, मग मुहूर्त, मग वऱ्हाड. मी हळूच 'ताडोबा' म्हणालो.

"काहून जी, जवाईबापू? आमचा नागझिरा ओस पडला का?" मामाजी कडाडले.

2013 साली नवेगाव, नागझिरा, कोका अशी सगळी भावकी एकत्र करून व्याघ्र प्रकल्प झाला. तेव्हापासून मामाजींना तो घरचाच कारभार वाटतो.

मेहुण्याने पवनी गेट सुचवलं. त्याची सासुरवाडी पवनीची, त्यामुळे मामाजींच्या कपाळावर आठ्या. त्यात जयची आठवण निघाली. नागझिऱ्यातला हा रुबाबदार वाघ हायवे, नदी, धानाची बांधी ओलांडत शंभरावर किलोमीटर चालला आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलात स्थायिक झाला. तिथे देशभर नाव कमावलं, संसार वाढवला आणि 2016 साली बेपत्ता झाला तो कायमचा. "घरजवाई रायलं का असंच होते," मामाजी मेहुण्याकडे बघत म्हणाले.

उलट, मे 2023 मध्ये वनखात्याने ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, ते मात्र त्यांना फार आवडलं. सून घरात यावी, पोरगा बाहेर जाऊ नये, हे त्यांचं व्याघ्रसंवर्धन! (तज्ज्ञही जरा लांबण लावून हेच सांगतात.)

"पण वाघ नाही दिसला तर?"

"तं रानकुत्रे दिसतीन. त्यांचा कळप पाहून वाघही वाट सोडते."

स्थळ पक्कं झालं, गेट पिटेझरी. घोडं अडलं ते जिप्सीत. तिच्यात पर्यटक सहा, आणि आमच्याकडे नुसत्या मावश्याच चार. एकीला वगळावं तर पुढच्या लग्नापर्यंत अबोला. दुसरीचं माहेरचं नाव आधारवर, सासरचं बँकेत. बुकिंगला कुठलं घालायचं यावर संध्याकाळ गेली. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता. जंगलात गाडीतून उतरायचं नाही, खायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही; मग एवढे लोक तिथे जाऊन करतात काय?

शेवटी दोन जिप्स्या ठरल्या, एक मामाजींच्या गटाची, एक मेहुण्याच्या.

तुम्हीही बेत करत असाल तर पावसाळा सरल्या सरल्या धावू नका, तेव्हा गवतात हत्तीसुद्धा लपेल. एप्रिल-मेमध्ये जनावरं पाणवठ्यावर येतात. ऊन भाजून काढतं, पण जायचं तेव्हाच. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा आणि सासुरवाडी भंडाऱ्यात असेल तर तिथे बुकिंग झाल्यावरच कळवा.