72 चाचण्या आणि एक पट्टा

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली. किंमत 3,499, त्यावर फुली, खाली लाल अक्षरांत 999. चाचण्या 72. फुली मारलेला आकडा दिसला की सिडकोतला माणूस विरघळतो. मीही विरघळलो. शिवाय प्रतिबंधक तपासणीवर 5,000 रुपयांपर्यंत आयकरात वजावट मिळते, असं हिला ऐकवलं. ही जुन्या कररचनेतली गोष्ट, आणि मी कधीच नव्या कररचनेत गेलोय, हे सांगितलं नाही.

रक्त न्यायला मुलगा सकाळी सहाला आला आणि नेमकं तेव्हाच नळाला पाणी आलं. जायकवाडी भरो की आटो, आमच्याकडे पाणी कितव्या दिवशी येईल ते पंचांगातही नसतं. अशा वेळी रक्त कोण देतो? मोटार लावली, पाइप धरला. शेवटी पोराने रिकामा हात मागितला आणि उभ्या उभ्याच काम उरकलं.

अहवाल चौदा पानी. आधी ऊर भरून आला, मग मोजायला बसलो. हिमोग्लोबिन एक चाचणी, तांबड्या पेशी दुसरी, त्या पेशींचा सरासरी आकार तिसरी. एका नळीतून, एका यंत्रातून निघालेले वीसेक आकडे, म्हणून वीसेक चाचण्या! कोलेस्टेरॉलचे आकडे वेगळे, आणि त्यांना एकमेकांनी भागून आलेले आणखी वेगळे. भागाकारालाही चाचणी म्हणतात हे शाळेत सांगितलं असतं, तर मी तेव्हाच ठणठणीत झालो असतो.

त्याच आठवड्यात आशाताई दारात. "काका, तिशीच्या वरच्यांची तपासणी आहे. बीपी, शुगर, तोंडाचा कॅन्सर. फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर ही आतूनच म्हणाली, "आम्ही केलीय, 72 वाली!"

आशाताईंनी तोवर टेप काढलाही होता. वय, कंबर, व्यायाम, घरात कुणाला साखर, असं विचारत त्यांनी गुण टाकले. चारच्या वर गेलं की तपासणीला आधी बोलावतात. मला सात पडले. दहावीनंतर पहिल्यांदाच अपेक्षेपेक्षा जास्त.

फुकटाचंही आमच्याकडे शास्त्र आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत झाल्या. चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय त्यात येतं. घाटी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं, म्हणून ते त्या निर्णयात नाही. सरकार एकच, खिसे दोन. त्यामुळे आजारी पडण्याआधी खातं बघून घ्यावं.

आरोग्य केंद्रात रांगेत माझ्यापुढे एक रिक्षावाले. सिस्टर म्हणाल्या, "तोंड उघडा." ते आधी बाहेर जाऊन तोंड मोकळं करून आले. उभी तीन बोटं आत जायला हवीत, त्यांची दीड गेली. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, त्यामुळे हे कशाने झालं असेल, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. सिस्टरांनी टॉर्च मारून दोन्ही गाल पाहिले, आवाज जरा खाली आणला आणि आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली. या सगळ्याला तीन मिनिटं लागली. भागाकार एकही नव्हता.

मग माझा नंबर. मी पिशवीतून चौदा पानं काढली. सिस्टरांनी ती बाजूला ठेवली आणि दंडाला पट्टा गुंडाळला. 160 आणि 100. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजला, तेवढाच. "एकाच दिवशी मोजून ठरवत नाहीत, सोमवारी परत या," म्हणाल्या.

घरी येऊन अहवाल पहिल्या पानापासून चाळला. 72 चाचण्यांत रक्तदाब नव्हता.