निष्ठावंत वाचक व्हा, वर्गणीशिवाय!

मराठी माणूस मनात आणील तर लेखक होऊ शकतो, आणि लेखन कुणी छापलं नाही तर संपादकही होऊ शकतो. निष्ठावंत वाचक होणं मात्र येरागबाळ्याचं काम नाही. त्याला चिकाटी लागते, दोन-चार कार्यक्रमांची निमंत्रणं लागतात आणि खिशावर करडी नजर लागते. इच्छुकांसाठी पुढील पायऱ्या क्रमाने देत आहोत.

१. नियतकालिकाची निवड

नियतकालिक शक्यतो बंद पडलेलं निवडावं. या दृष्टीने ‘माणूस’ सर्वोत्तम. श्री. ग. माजगावकरांनी १९६१ साली पुण्यात ते पाक्षिक म्हणून सुरू केलं, पुढे ते साप्ताहिक झालं आणि १९८६ साली थांबलं. तेव्हापासून आजपर्यंत त्याच्या दर्जात तसूभरही घसरण झालेली नाही. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाली, तिचीही प्रकृती तशीच उत्तम आहे. चालू नियतकालिकाचं काही सांगता येत नाही. पुढच्याच अंकात ते आपल्या आवडत्या नेत्यावर लिहून बसलं, तर निष्ठा कुठे ठेवायची?

२. पूर्वतयारी

सगळे अंक वाचण्याची गरज नाही. मोजके संदर्भ तोंडपाठ असले की भागतं. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आधी ‘माणूस’मधून क्रमशः आलं. अरुण साधूंनी चीनच्या आणि क्युबाच्या क्रांतीवर तिथेच लेखमाला लिहिल्या. त्यांतून ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ आणि ‘फिडेल, चे आणि क्रांती’ ही पुस्तकं झाली. डॉक्टरकी शिकलेले अनिल अवचट ‘माणूस’मधून लिहीत. ही नावं घेताना मध्ये थोडं थांबावं आणि मान डोलवावी. ‘आम्ही पुढच्या अंकाची वाट बघत असू’ हे वाक्य त्यानंतर आपोआप सुचतं. आपला जन्म १९८६ नंतरचा असल्यास ‘आमच्या घरी वाट बघत’ असा किरकोळ बदल करावा.

प्रगत अभ्यासकांनी एक पाऊल पुढे जावं. मुंबईत दूरदर्शन आलं ते १९७२ साली. त्याच्या आगेमागेच्या काळात हवानात काय घडलं आणि माओने काय केलं, हे खेड्यातल्या वाचनालयात बसलेल्या पोराला मराठीतून, आठवडेच्या आठवडे, सविस्तर वाचायला मिळत होतं. एका विषयाला इतकी पानं द्यायची, तीही अनेक अंकांतून, आणि वाचक कंटाळणार नाही असा विश्वास ठेवायचा, याला संपादकाची छाती लागते. एवढं बोललं की सभेत शांतता पसरते.

३. संपादकाचा गौरव

माजगावकरांची घडण संघाच्या मुशीतली, आणि त्यांच्याच साप्ताहिकात फिडेल आणि चे यांच्या क्रांतीला पानंच्या पानं मिळाली. समाजवाद्यांना आणि डाव्यांना तिथे मज्जाव नव्हता. हा मुद्दा प्रत्येक भाषणात घ्यावा. ‘मतभेद असूनही जागा देणारे संपादक आता कुठे राहिले?’ असं आवाज चढवून विचारावं. घरी परतल्यावर, चालू साप्ताहिकात आपल्या मताविरुद्ध लेख दिसला, तर अंक तत्काळ बंद करायला सांगावा. या दोन कृतींत किमान एका रात्रीचं अंतर ठेवल्यास विसंगती कुणाच्या लक्षात येत नाही.

४. संग्रह

जुने अंक रद्दीच्या दुकानातून वजनावर घ्यावेत, बांधून घ्यावेत आणि काचेच्या कपाटात ठेवावेत. कपाटाला कुलूप हवं. कुणी अभ्यासासाठी खंड मागितला, तर ‘वाळवीचं औषध मारलंय, इतक्यात उघडता येणार नाही’ असं सांगावं. हे औषध वर्षभर टिकतं.

५. संपादकांना पत्र

नाइलाजाने चालू साप्ताहिक वाचावं लागलंच, तर संपादकांना पत्र लिहावं. ‘मी आपला गेली अनेक वर्षे नियमित वाचक आहे’ ही सुरुवात अनिवार्य आहे. अंक शेजाऱ्यांचा होता, हे लिहिण्याचं कारण नाही. त्यानंतर शुद्धलेखनाच्या चुका पानांच्या क्रमांकासह द्याव्यात. वार्ताहराने तीन जिल्हे फिरून लिहिलेल्या लेखाबद्दल बोलायला जागा उरत नाही. त्याला इलाज नाही.

६. वर्गणी

वेष्टनावर ‘आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे’ असा शिक्का दिसला, तर वेष्टन आधी फाडावं आणि मग अंक हाती घ्यावा. आजीव वर्गणीच्या भानगडीत मुळीच पडू नये. आपण आधी गेलो तर पैसे बुडतात आणि साप्ताहिक आधी गेलं तरी बुडतात. कागद, छपाई, टपाल आणि वार्ताहराचा प्रवासखर्च यांचं काय होतं, हा प्रश्न ध्येयवादी पत्रकारितेला शोभत नाही. पैशाचा विषय काढणारा संपादक आपल्या आदराला पात्र राहत नाही, हे त्याला वेळीच कळवावं.

७. धोक्याची सूचना

साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक अजून निघतं. अशा ठिकाणी विशेष जपावं. एखाद्या आठवड्यात चांगला लेख वाचून भावनेच्या भरात वर्गणी भरली जाते. मग अंक आपल्या नावाने घरी येतो, तो वाचावा लागतो आणि वाचलेल्यावर शेजाऱ्यांशी वादही होतात. असे शेकडो वाचक एकदम बिघडले, तर साप्ताहिक बंद पडण्याचं नावच घेणार नाही, आणि इतक्या मेहनतीने तयार केलेलं आपलं श्रद्धांजलीचं भाषण तसंच पडून राहील.